मिसळण्याआधी

साखरेच्या पोत्यात नत्र नसते, स्फुरद नसते, पालाशही जवळजवळ नसते. साखर म्हणजे कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि ही तिन्ही उसाने हवा आणि पाणी यांतून मिळवलेली. त्यामुळे कोल्हापूरच्या फडातल्या उसाची साखर दिल्लीला गेली काय किंवा दुबईला गेली काय, जमिनीच्या खात्यातून फारसे काही वजा होत नाही. तरीही दर हंगामात उसाला युरिया लागतो, डीएपी लागते, पोटॅश लागते. मुळांनी जमिनीतून उचललेले ते सगळे जाते कुठे?

ते असते कारखान्याच्या आवारात, आणि काही फडातच पडलेले असते. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघते, ३ ते ४ टन प्रेसमड आणि सुमारे ४ टन मोलॅसिस. रस निवळताना खाली बसणारा गाळ म्हणजे प्रेसमड; स्फुरदाचा आणि चुन्याचा मोठा भाग त्यात उतरतो. पालाश पाण्यात सहज विरघळतो, म्हणून तो गाळात बसत नाही. तो रसाबरोबर पुढे सरकतो आणि साखरेचे दाणे वेगळे झाले की मोलॅसिसमध्ये उरतो. त्या मोलॅसिसपासून डिस्टिलरीत अल्कोहोल काढले तरी पालाश मागेच राहतो, कारण अल्कोहोलही कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचेच बनलेले. शेवटी उरते ते काळपट तपकिरी, उग्र वासाचे स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे ते ८ ते १५ लिटर निघते आणि उसाने उचललेला बराचसा पालाश त्यात असतो.

‘मळीमिश्रित पाण्यामुळे नदीत मासे मेले’ ही बातमी महाराष्ट्रातल्या वाचकांनी वर्षानुवर्षे वाचली आहे. स्पेंटवॉशमधले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. हेच स्पेंटवॉश प्रेसमडवर फवारून कुजवले तर पालाशाने भरलेले कंपोस्ट होते. ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळले तर वाफ मिळते आणि मागे पालाशयुक्त राख राहते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोलॅसिसपासून मिळणाऱ्या या पोटॅशचा समावेश खतांच्या अनुदान योजनेत केला. त्यात १४.५ टक्के पालाश धरला जातो. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन अशा देशांतून जहाजे भरभरून पोटॅश आणणाऱ्या भारताच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

फडात राहिलेल्या वाट्याची कथा याहून साधी आहे. ऊस तुटून गेला की हेक्टरी ८ ते १० टन पाचट मागे राहते. त्याला काडी लावली की नत्र आणि गंधक धुराबरोबर जातात, कर्ब जळतो, आणि राखेतले जे उरते त्यातलेही बरेच वाऱ्यावर उडते. पाचट न जाळता सरीत ठेवून कुजवायचे तर शिफारस आहे ती टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाकण्याची. कुजवायला पुन्हा युरिया कशाला, असा प्रश्न बांधावर हमखास विचारला जातो. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडे असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचे शरीर बांधायला नत्र लागते. ते पाचटात मिळाले नाही तर जिवाणू ते जमिनीतून ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. वरून दिलेले नत्र वाया जात नाही. जिवाणू मेले की ते पिकाच्या वाट्याला येते.

साखर कारखान्याचे उदाहरण आधी घेण्याचे कारण असे की तिथे टाकाऊ गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. प्रेसमड वेगळे, राख वेगळी, स्पेंटवॉश वेगळे. कशात काय आहे ते माहीत असते, आणि ऊस घेऊन आलेली गाडी परत जाताना प्रेसमड भरून नेऊ शकते. सेंद्रिय कचऱ्यातून अन्नद्रव्ये परत मिळवण्याच्या सगळ्या प्रयत्नांत यश आणि अपयश ठरवणारी गोष्ट बहुधा हीच असते. पदार्थ एकमेकांत मिसळण्याआधी हाती लागला तर तो खत होतो. मिसळल्यावर त्याला पुन्हा वेगळे करण्याचा खर्च खताच्या किमतीहून जास्त होतो.

हे फार लवकर ओळखलेल्या माणसांत अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घ्यावे लागते. १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले आणि १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरला काम केले. होळकर संस्थानाने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर, कापूस समितीच्या पैशांतून ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली होती. या कामात त्यांच्याबरोबर होते यशवंत वाड, संस्थेच्या रसायन विभागातले प्रमुख सहायक. १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून कंपोस्ट करण्याच्या त्यांच्या ‘इंदूर पद्धती’वर पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. पुढे जगभर हॉवर्ड यांचेच नाव गाजले. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात वाडांची आठवण फारशी कोणी काढत नाही, ती काढायला हवी.

माळव्यातल्या काळ्या जमिनीत कापूस आणि तूर. म्हणजे पऱ्हाटी आणि तुराट्या, दोन्ही लाकडासारख्या टणक, गुरांनी तोंड न लावण्याच्या. हॉवर्ड आणि वाड यांनी त्या शेतातल्या रस्त्यांवर पसरायला लावल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून मऊ झाल्या की गोठ्यात गुरांच्या अंगाखाली अंथरायच्या. गोठ्याची जमीन फरशीची नको, मातीची हवी, हा त्यांचा आग्रह होता. गुरांचे मूत्र त्या मातीत मुरते. काही महिन्यांनी ती माती खणून, फोडून बारीक करायची आणि तिच्या जागी नवी माती भरायची. शेण बहुतेक घरांत गोवऱ्या होऊन चुलीत जात असे, मूत्राकडे तर कोणी पाहतही नसे. गुराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा भाग आणि पालाशाचा बहुतांश भाग मूत्रात असतो. इंदूरच्या गोठ्यात तो मातीने धरून ठेवला.

मग खड्डा. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल, कारण जास्त खोलीत हवा पोचत नाही. काडीकचऱ्याचा थर, त्यावर मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, त्यावर शेणकाला. शेणकाल्यात आधीच्या खड्ड्यातले थोडे कुजते खत विरजणासारखे घातलेले. साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशा तीन पालट्या. तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ३३ ला १ च्या आसपास असावे, हे त्यांनी प्रयोगांतून ठरवले. पालटी देताना खड्ड्यातून वाफ निघते ती जिवाणूंच्या श्वसनाची उष्णता. ढीग ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की तणांचे बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात.

हॉवर्ड यांनी हे सगळे स्वतःच्या डोक्यातून काढले नव्हते, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. भारतीय शेतकरी हे आपले शिक्षक, असे ते उघड म्हणत. चीन, कोरिया आणि जपान पाहून आलेले अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांचे १९११ सालचे पुस्तकही त्यांच्यासमोर होते. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीने १९०८ मध्ये ७८,००० टन मैला उचलण्याचा हक्क एका चिनी कंत्राटदाराला ३१,००० सोन्याच्या डॉलरना विकला, अशी नोंद किंग यांनी केली आहे. कंत्राटदाराला पालिकेने पैसे दिले नव्हते. कंत्राटदारानेच पालिकेला दिले होते.

महाराष्ट्रात या पद्धतीला एक अडचण आली ती पालट्यांची. काही टन ओला ढीग तीनदा उलटायला मजूर कुठून आणायचे? यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी हवा आत आणायची दुसरी वाट काढली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके, आणि भिंतींत ठरावीक अंतरावर ठेवलेली भोके. आत काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर, वरून शेणमातीचा लेप. एका टाक्याला सुमारे १०० किलो शेण पुरते आणि तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघते. जिथे गुरे कमी आणि पऱ्हाटी भरपूर, तिथे हा हिशेब फार मोलाचा आहे. उकिरड्यात मात्र तेच शेण वर्षभर ऊन-पाऊस खाते. नत्र अमोनिया होऊन उडते, पालाश पावसाबरोबर नाल्यात जातो, आणि मृगाच्या आधी शेतात जाणारी गाडी बरीचशी रिकामीच असते.

काही ठिकाणी खत साठवण्याचीच गरज पडत नाही. धनगर मेंढ्यांचे वाडे घेऊन फिरतात, शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला सांगतो, धान्य किंवा पैसे देतो. रात्रभरात लेंड्या आणि मूत्र थेट जमिनीत पडते. वाहतूक नाही, ढीग नाही, गळती नाही.

माणसाच्या मैल्यापाशी आले की प्रश्न फक्त शेतीचा राहत नाही. आपल्याकडे तो जातीचा आहे. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी त्याला दोन्ही बाजूंनी हात घातला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, भंगीकाम फक्त ठरावीक जातीच्या कैद्यांकडून करून घेणे अन्याय आहे आणि ते काम आपल्याला करू द्यावे, यासाठी त्यांनी उपवास आरंभला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजीही उपवासाला बसले. १९४८ मध्ये आप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला, आणि मैल्याचे सोनखत करणारे साधे संडास हा तिथल्या कामाचा मोठा भाग झाला. अशा संडासामागचे तत्त्व थोडक्यात असे. मैल्यावर पाण्याचे लोट सोडायचे नाहीत, त्याला माती, राख, पालापाचोळ्याने झाकायचे, आणि एक खण भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खणात महिनोन्‌महिने कुजल्यावर बाहेर येते ते मातीच्या वासाचे खत. ताजा मैला कोणाला हाताळावा लागत नाही, म्हणून तो हाताळण्यासाठी एखादी जात राबवण्याचे कारणच उरत नाही. रोगजंतूंची धास्ती खरी आहे. जंतांची अंडी मातीत फार काळ टिकतात, म्हणून इथे घाई चालत नाही. दोन खड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा वर्षभर तरी बंद ठेवायला सांगतात तो याचसाठी. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारचे सचिव आणि इतर अधिकारी स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत उपसले. त्यांच्या हातातले ते काळेभोर, कोरडे खत पाहून अनेकांची किळस कमी झाली असेल. पूर्ण जायला अजून बरेच काम बाकी आहे.

आता पुन्हा इंदूर. हॉवर्ड आणि वाड यांचे खड्डे होते त्याच शहरात, देवगुराडियाच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर, फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवणाऱ्या ‘गोबरधन’ प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्यातून दिवसाला १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे असा आराखडा आहे. हा वायू शहराच्या बसगाड्यांसाठी वापरायचा.

कंपोस्ट आणि बायोगॅस यांतला फरक इथे समजून घ्यायला हवा. बंद टाकीत, हवेशिवाय कचरा कुजतो तेव्हा कर्बाचा एक भाग मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जातो. नत्र, स्फुरद आणि पालाश यांना वायूच्या वाटेने जाता येत नाही, ते स्लरीत राहतात. एवढेच नव्हे, नत्राचा मोठा भाग अमोनियम रूपात येतो आणि पिकाला लवकर मिळतो. पण हीच स्लरी उघड्यावर उन्हात पसरून वाळवली तर अमोनिया उडून जातो आणि मिळवलेले नत्र पुन्हा हवेत. गोबरगॅस असलेल्या घरी स्लरी ओलीच पाटाच्या पाण्याबरोबर द्यावी किंवा काडीकचऱ्यावर ओतून मुरवावी, असे सांगतात ते यासाठी.

इंदूरचा प्रकल्प चालतो तो टाक्यांच्या आधी घराघरांत घडलेल्या गोष्टीमुळे. शहराने नागरिकांना कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यायला लावला, आणि घंटागाडीतही तो वेगळाच ठेवला. मिश्र कचऱ्यापासून खत करायचे प्रयोग देशभर झाले आहेत. त्या खतात काचेचे तुकडे, प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि बॅटऱ्यांतले जड धातू येतात. एकदा नांगरटीत पायाला काच लागली की तो शेतकरी पुन्हा शहरी कंपोस्ट घेत नाही, आणि त्याला कोणी दोष देऊ नये. चाळण्या कितीही बारीक केल्या तरी स्वयंपाकघरात केलेली निवड त्यांना साधत नाही.

शुद्ध ओला कचरा मिळाला तरी वजनाचा प्रश्न उरतो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. चांगल्या शहरी कंपोस्टमध्ये नत्राचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास धरले तर तेवढ्यासाठी दोन टनांहून जास्त खत वाहून न्यावे लागेल. गोणी मोटरसायकलवर येते, दोन टनांना ट्रॉली लागते. केंद्राने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टला टनामागे १,५०० रुपयांचे विक्री साहाय्य जाहीर केले, तरी डिझेलचा दर आणि अंतर यांच्यापुढे ते लवकर संपत असे. कंपोस्टची तुलना फक्त नत्राशी करणे चूकच आहे, कारण ते जमिनीला कर्ब देते, पाणी धरून ठेवायला मदत करते, सूक्ष्म अन्नद्रव्ये देते. पण शंभर किलोमीटरवरून कंपोस्ट आणण्याचा अट्टहास कोणाच्याच फायद्याचा नाही. शहराचा ओला कचरा शहरालगतच्या भाजीपाल्याच्या आणि फळबागांच्या पट्ट्यात जिरला पाहिजे. कोलकात्याच्या धापा भागात कचऱ्याच्या जमिनीवर भाजी पिकत आली आहे, आणि तिथल्याच पूर्वेकडच्या पाणथळीत मैलापाण्यावर शेवाळ व शेवाळावर मासे पोसले जातात. १२,५०० हेक्टरची ही पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे.

सगळ्यांत अवघड मिसळण होते ती शौचालयाच्या नळीत. शहराच्या मैलापाण्यात मूत्राचा वाटा जेमतेम एक टक्का. पण त्यातल्या नत्रापैकी सुमारे ८० टक्के आणि स्फुरदापैकी निम्म्याच्या आसपास त्या एका टक्क्यात असतो. उरलेले ९९ टक्के पाणी ओतून आपण तो पातळ करतो. मग सांडपाणी प्रकल्पांत वीज खर्चून त्यातल्या नत्राचे पुन्हा वायूत रूपांतर करतात, आणि दुसरीकडे खत कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून हवेतल्या त्याच नत्राचा अमोनिया करतात. नत्राच्या बाबतीत हा उलटसुलट खर्च परवडतो तरी, कारण हवा संपणार नाही. स्फुरदाचे तसे नाही. तो खडकातून खणून काढावा लागतो, आणि जगाच्या ज्ञात साठ्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. मूळ शोध मात्र खडकात लागला नव्हता. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड यांनी १६६९ मध्ये स्फुरद पहिल्यांदा वेगळा केला तो मूत्र आटवून.

सांडपाणी प्रकल्पांच्या पाइपांत एक पांढरा दगड साचून पाइप बंद पडत. स्ट्रुव्हाइट हे त्याचे नाव, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक. एका प्रकारचा मुतखडाही याचाच बनतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधनातून हा दगड मुद्दाम, टाकीत, दाणेदार रूपात बनवण्याची रीत निघाली, आणि २००९ पासून अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या डरहॅम प्रकल्पात तो व्यापारी प्रमाणावर काढला जातो. तो पाण्यात हळूहळू विरघळतो, म्हणून पिकाला सावकाश पुरतो. जर्मनीने २०१७ मध्ये कायदाच केला. एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या क्षमतेच्या प्रकल्पांना २०२९ पासून, आणि ५०,००० हून जास्त क्षमतेच्या प्रकल्पांना २०३२ पासून, गाळातला स्फुरद परत मिळवणे सक्तीचे होईल.

स्वित्झर्लंडमधल्या एआवाग या पाणी संशोधन संस्थेने याच्याही आधीची पायरी पकडली. तिच्या इमारतीतली शौचालये मूत्र वेगळे गोळा करतात. जिवाणू त्यातल्या अमोनियाचा काही भाग नायट्रेटमध्ये बदलून वास आणि नत्र दोन्ही आवरतात, सक्रिय कोळसा औषधांचे अंश शोषतो, आणि ऊर्ध्वपातनाने पाणी काढून टाकले की दाट द्रवखत उरते. ‘ऑरिन’ नावाच्या या खताला २०१८ मध्ये खाद्यपिकांसाठीही सरकारी परवानगी मिळाली.

असे महागडे संडास इथल्या घराघरांत बसतील असे नाही. पण पुरुषांच्या मुताऱ्यांत मूत्र आपोआप वेगळेच पडते: एसटी स्थानके, शाळा, वसतिगृहे, मंगल कार्यालये. तिथे पाण्याची धार थांबवून एक वेगळी टाकी जोडणे हे मोठे तंत्रज्ञान नाही. त्यातून स्ट्रुव्हाइट काढायला लागते फक्त मॅग्नेशियम, आणि मिठागरात मीठ वेचून झाल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात ते भरपूर असते. उरण, पेण, वसईच्या मिठागरांत ते दर हंगामाला निघते.